शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कॉलेजचा प्रवेश

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या शैक्षणिक मार्गदर्शनपर व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आज आम्हांला शिक्षणावर बोलायला सांगितले. शिक्षणाचे महत्त्व या मंडपात बसलेल्या कोणाला पटवून द्यावे अशी गरज आता उरलेली नाही. म्हणून आम्ही एकच विषय घेतला आहे, आणि तो अगदी व्यवहाराचा आहे. दर वर्षी जून-जुलै महिन्यांत विहाराच्या पडवीत बसून आम्ही काही जण मुलांचे फॉर्म भरून देतो. त्या वेळी आईबाप दबक्या आवाजात एक प्रश्न हमखास विचारतात: "सवलतीचो फॉर्म भरलंव तर कॉलेजवाले पोराक घेवचे नाय, असा लोक सांगतत. खरा काय ता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या एका शंकेपायी हक्काचा पैसा सोडून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पंचक्रोशीतल्या एका मुलीला जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. वडील चिरेखाणीवर कामाला. कोणीतरी शहाण्याने कानात सांगितले, की पहिल्याच वर्षी स्कॉलरशिप मागितलीत तर कॉलेजच्या डोळ्यांवर याल, गपचूप फी भरा. बापाने घरातले सोने पतपेढीत ठेवून फी भरली. दुसऱ्या वर्षी अर्ज केला, तो मंजूरही झाला. पण पहिल्या वर्षाचे गेले ते गेलेच. अशा वेळी "अफवा आहे, दुर्लक्ष करा" एवढे सांगून भागत नाही. खरे काय आहे ते मुळापासून सांगावे लागते.

आमचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. आपल्या महाराष्ट्रात आर्थिक मदत मागितल्यामुळे गुणवत्ता यादीतला तुमचा नंबर एकानेही खाली जात नाही. प्रवेश हातचा जातो तो दुसऱ्या कारणांनी, आणि ती कारणे आपल्याला टाळता येतात.

गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे. पहिली गोष्ट गुणवत्ता, म्हणजे तुमचे मार्क किंवा सीईटीचा क्रमांक. दुसरी गोष्ट राखीव जागा, म्हणजे प्रवेशाच्या फॉर्मवर 'अनुसूचित जाती' अशी नोंद करणे. तिसरी गोष्ट शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप, म्हणजे फीच्या पैशाची सोय. या तिन्हींचे कागद वेगळे, कचेऱ्या वेगळ्या आणि वेळाही वेगळ्या.

आता क्रम बघा. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून करतो. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेशही सबंध राज्यात, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातही, केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला आहे. जागा ठरते ती गुण, प्रवर्ग आणि तुम्ही दिलेला पसंतीक्रम पाहून. हे सारे होऊन कॉलेजात नाव दाखल झाल्यानंतरच महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो, कारण त्या अर्जात कोणत्या कॉलेजात, कोणत्या वर्गात प्रवेश घेतला तेच लिहायचे असते. तो अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जातो. जो अर्ज प्रवेशानंतर जन्माला येतो, तो आधीच्या प्रवेशाला आडवा येणार कसा? बीए, बीकॉमसारख्या वर्गांना कॉलेज स्वतः यादी लावते, पण तिथेही यादी लागते ती बारावीच्या गुणांवर.

आता दुसरी शंका. ती बहुधा हुशार मुलांची असते. "आम्हांला चांगले मार्क आहेत, आम्ही ओपनमधून जाऊ. एससी लिहिले तर आम्हांला तेरा टक्क्यांतच कोंबतील आणि आमच्याच एखाद्या गरीब भावाची जागा जाईल." भावना चांगली आहे, पण कायदा तसा नाही. 1992 साली मंडल आयोगाच्या प्रकरणात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या यादीत आला, तर तो राखीव जागांत मोजायचा नाही. 1996 साली रितेश साह या खटल्यात हेच तत्त्व वैद्यकीय प्रवेशांना लागू झाले, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता. 2020 साली सौरव यादव खटल्यात न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले: खुली जागा ही कोणा एका जातीसाठी राखून ठेवलेली जागा नव्हे, ती सर्वांसाठी खुली असते. म्हणून 'अनुसूचित जाती' लिहिल्याने हुशार मुलाचे दार बंद होत नाही. त्याला दोन्ही दारे उघडी राहतात, आणि तो खुल्यातून गेला तर अनुसूचित जातीच्या 13 टक्क्यांतली जागा दुसऱ्या भावासाठी शिल्लकच राहते.

मग ही अफवा आली कुठून? आम्हांला दोन उगम दिसतात.

पहिला उगम परदेशातला आहे. आज आपल्याही मुलांच्या मनात अमेरिकेचे विचार येतात. तिथल्या कॉलेजांत दोन पद्धती आहेत. काही कॉलेजे प्रवेश ठरवताना विद्यार्थ्याची ऐपत पाहतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तशीच वागतात. पण दुसरी पुष्कळ कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला निवडताना त्याला किती मदत द्यावी लागेल याचाही हिशोब करतात. म्हणजे तिथे काही ठिकाणी मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता खरोखर कमी होते. कारण तिथे मदत कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून जाते. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा पैसा शासनाचा असतो आणि जागा क्रमांकाने ठरते. तिकडचे ऐकलेले इकडे लावू नये. तिकडे जायचेच असेल, तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी आधी नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळवावा लागतो आणि मग अर्ज करायचा असतो. तिथेही प्रवेश आधी, मदत नंतर.

दुसरा उगम आपल्या दारातला आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. यादीत नाव लागते, मुलगा बापाला घेऊन कॉलेजात जातो आणि कॅशियरच्या खिडकीशी अडतो. "स्कॉलरशिपचे पैसे येतील तेव्हा येतील, आधी फी भरा." पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आगाऊ मागू नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना वेळोवेळी दिल्या आहेत. पण शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, कॉलेजलाही पगार करायचे असतात, आणि मधल्या मध्ये भरडला जातो तो आपला मुलगा. हा अनुभव घेऊन आलेला बाप वाडीत सांगतो, "स्कॉलरशिप म्हटल्यावर कॉलेजवाले तोंड फिरवतात." चार तोंडे फिरून त्याचे होते, "प्रवेशच देत नाहीत." खिडकीवरची अडवणूक खरी आहे. पण ती यादीतली अडवणूक नव्हे, आणि तिच्यावरचा उपाय अर्ज न करणे हा तर मुळीच नव्हे.

खिडकीवरच्या पैशाने काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे साऱ्या देशाने पाहिली. 2021 साली एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली होती. जागा पक्की करण्याची फी कार्डाने भरताना पैसे जाईनात, मुदत संपली आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला जागा देण्याचा आदेश दिला. 2024 साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. भरायचे होते 17,500 रुपये. घरच्यांनी जमवाजमव केली, पण वेळ संपेपर्यंत पैसे भरले गेले नाहीत. 30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्यालाही जागा देवविली. बंधूंनो, आयआयटीत अनुसूचित जातीच्या मुलांना 2016 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही ही पोरे अडली ती दाराशी, पहिल्या रकमेवर आणि तारखेवर. यांना न्याय मिळाला, पण प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येते का?

इथे बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मदत घेणे कमीपणाचे आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला हा इतिहास सांगा. आपल्याच कोकणातल्या आंबडव्याच्या घराण्यातला हा मुलगा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती दिली. 1913 साली बडोदा संस्थानाचीच शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा बडोद्याचा होता, पण अभ्यास त्यांचा होता. 1915 साली त्यांनी एम.ए. मिळवली, तेव्हा फी कोणी भरली म्हणून कोणी त्यांचे गुण कापले नाहीत. आणि मदत थांबली तेव्हा काय झाले तेही लक्षात ठेवा. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, तेव्हा 1920 साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या बुद्धीचा माणूस, पण पैशाअभावी त्यांचीही वर्षे गेली.

हे त्यांनी स्वतः सोसले होते. म्हणून 1942 साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले जो फॉर्म भरतात तो त्याच योजनेचा आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला तो हक्क आहे.

1956 साली धम्म स्वीकारल्यावर हा हक्क आपल्या हातून निसटला होता, हेही तरुणांना ठाऊक असावे. बौद्ध लिहिले की सवलत बंद, अशी वेळ आपल्या वडीलधाऱ्यांवर आली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी 1990 साल उजाडावे लागले. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तेव्हा धर्म बौद्ध लिहिल्याने शिष्यवृत्ती जाते ही भीतीही आता सोडून द्या.

मात्र कागद नीट लागतात, आणि खरा प्रवेश जातो तो इथे. म्हणून पुढचे मुद्दे आईवडिलांनी घरी लिहून ठेवावेत.

पहिला, जातीचा दाखला. पुष्कळ मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असते. मग आजोबा-पणजोबांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, म्हणजे गावच्या शाळेचे जुने रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुक. मुंबईत वाढलेल्या मुलांचाही मूळ पुरावा बहुधा आपल्या गावीच सापडतो. चाकरमानी बांधवांनो, मे महिन्यात गावी याल तेव्हा आंब्या-फणसाबरोबर हा उताराही घेऊन जा. अर्ज सेतू केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे जातो.

दुसरा, जात वैधता प्रमाणपत्र. राज्याच्या 2000 च्या कायद्याप्रमाणे व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर ते लागते. ते मुदतीत दिले नाही, तर राखीव जागेचा हक्क जातो. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे अर्ज करावा. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्याला उशीर होतो.

तिसरा, उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांकडून मिळतो. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, म्हणजे फी आणि वर निर्वाह भत्ता. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. नोकरीवाल्या बापाने "आमचे उत्पन्न जास्त, आम्हांला काय मिळणार" असे समजून बसू नये.

चौथा, बँकेचे खाते. ते विद्यार्थ्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेले हवे. दाखल्यावर, आधारवर आणि बँकेत नाव एकसारखे हवे. एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकलेले आम्ही पाहिले आहेत.

पाचवा, कोणत्या जागेवर प्रवेश घेता ते. केंद्रीय फेरीतून मिळालेल्या जागेलाच व्यावसायिक अभ्यासक्रमात शिष्यवृत्ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती मिळत नाही. "फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट देतो" असे सांगणारा एजंट भेटला, तर आधी विचारा, "या सीटला शिष्यवृत्ती आहे का?" खाजगी आणि अभिमत विद्यापीठातही पैसे भरण्यापूर्वी हाच प्रश्न लेखी विचारा.

सहावा, दर वर्षीचे नूतनीकरण. अर्ज एकदा भरून भागत नाही, दर वर्षी भरावा लागतो. वर्गात 75 टक्के हजेरीही हवी.

सातवा, राहण्याची सोय. शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. तिथे जागा मिळाली नाही तर 2016-17 साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलांना हिचा मोठा आधार होतो.

विद्यार्थी मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. 2021 पासून शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा थेट तुमच्या खात्यावर येतो. त्यातली फीची रक्कम कॉलेजची आहे, ती लगेच कॉलेजात भरा. तो पैसा मोबाईलवर उडवणारा मुलगा स्वतःचे नुकसान करतोच, पण त्याच्यामागून येणाऱ्या आपल्या मुलाला त्या खिडकीवर संशयाने पाहिले जाते. आणि वर्गात कोणी "फुकटे" म्हणून हिणवले, तर मान खाली घालू नका. अभ्यास कोणाचा फुकट होत नाही.

शेवटी एक सूचना समितीपुढे ठेवतो. खिडकीवर मुलगा अडतो तो पहिल्या रकमेसाठी, आणि ती बहुधा काही हजारांचीच असते. आपण सारे मिळून विहारात एक शिक्षण निधी काढू या. वर्धापनदिनाच्या जेवणावळीतला एक पदार्थ कमी झाला तरी चालेल. ज्या मुलाचे नाव यादीत लागले, त्याची पहिली रक्कम या निधीतून भरावी, आणि शिष्यवृत्ती जमा झाली की त्याने ती परत आणून द्यावी. हिशोब दर पौर्णिमेला सर्वांसमोर वाचावा. बापाला सोने गहाण ठेवावे लागणार नाही, आणि तारीख चुकल्यामुळे आपल्या वाडीतला एकही प्रवेश जाणार नाही. खिडकीवर अडवणूक झालीच, तर बापाला एकटे पाठवू नका. समितीची दोन माणसे सोबत जावीत, कॉलेजकडून नकार लेखी मागावा, आणि सिंधुदुर्गनगरीला समाज कल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. लेखी मागितले की पुष्कळ अडचणी तिथेच सुटतात.

येत्या जूनमध्येही विहाराची पडवी उघडी असेल. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही बसू. कागद घेऊन या, शंका घेऊन या, आणि विशेषतः मुलींना घेऊन या. फॉर्म मात्र कोणी सोडू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.